उजव्या सोंडेचा शिक्का आणि सासऱ्यांचा पाट

मी, श्रीमती कुंदा श्यामसुंदर नेरूरकर, वय वर्षे ७३, व्यवसाय हाताने भेटकार्डे व डबे करणे, राहणार पारिजात सहकारी गृहनिर्माण संस्था, दुसरा मजला, दिंडोशी, गोरेगाव (पूर्व), मुंबई, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात, माझ्या कामाच्या टेबलावर बसून लिहीत आहे. कोणी धाक घातलेला नाही. धाक घालण्यासारखे घरात कोणी उरलेलेही नाही. मी शुद्धीवर असल्याचा डॉ. सुहास आरोलकर यांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी दोनपर्यंत गेले. ते तीसपर्यंतच ऐकत होते. दाखल्यावरचा त्यांचा गोल शिक्का आमच्याच दुकानात झालेला असून एकोणतीस वर्षे चालू आहे, त्यामुळे त्याच्या खरेपणाबद्दल कोणी शंका घेऊ नये.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असल्याचे कोणी म्हणाल्यास तो खोटे बोलतो असे समजावे.

आमच्या तळमजल्यावर अ‍ॅडव्होकेट अपूर्वा राहते, दिंडोशीच्या कोर्टात वकिली करते. तिने मला दीड पानाचा मसुदा करून दिला होता. मसुदा चांगला होता, पण तो कोणाच्याही नावावर खपला असता. म्हणून पुन्हा लिहायला घेतला. तिने पहिली चार पाने वाचून, "काकू, हे कोर्टात वाचायचंय, दिवाळी अंकात नाही ना," असे म्हटले. तिचे म्हणणे ऐकून घेतले आहे.

कलम १. राहते घर. हे घर माझे पती कै. श्यामसुंदर काशीराम नेरूरकर व मी यांनी मिळून घेतले व त्यांच्या पश्चात माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते माझा एकुलता मुलगा हर्षद यास पूर्ण मालकी हक्काने मिळावे. तो अंधेरीला नोकरी करतो, ठाण्याला राहतो आणि दर रविवारी येऊन नळ गळतो की नाही ते पाहतो. नळ गळतो. घर विकायचे झाल्यास त्याने विकावे, माझा आत्मा आडवा येणार नाही. मात्र बाल्कनीतली जुईची कुंडी घर घेणाऱ्याला न देता बरोबर न्यावी.

कलम २. बँकेतील व पोस्टातील सर्व ठेवी माझी नात गंधाली हर्षद नेरूरकर हिच्या शिक्षणासाठी. कागद लोखंडी कपाटात, चैत्रांगणाचा शिक्का मारलेल्या लाल डब्यात आहेत. डब्याचे झाकण घट्ट बसते. ओढू नये, चारी बाजूंनी थोडे थोडे उचलावे.

कलम ३. शिक्के तापवून दाबण्याचे यंत्र. हे यंत्र माझ्या पतींचे. अंधेरीला औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी त्यांचे रबरी शिक्क्यांचे दुकान होते. सोसायट्यांचे गोल शिक्के, डॉक्टरांचे चौकोनी, 'खरी प्रत', 'पोच मिळाली', 'करिता' असे सगळे तिथे झाले. रबराचे तुकडे उरत. ते फेकवेनात म्हणून मी त्यांवर कोरणीने कोयरी कोरली, मग जास्वंद, मग तुळशीवृंदावन, आणि हळूहळू ठिपक्यांची रांगोळी. यांच्याकडे जांभळी शाई एवढीच. कुंकवाचा लाल, हळदी, शेंदरी, मोरपिशी हे रंग मी आणले. पाच वर्षांत बारशाची आमंत्रणे, अहेराची पाकिटे, वाणाचे डबे, लग्नातल्या लाडवांचे डबे अशी कामे माझ्याकडे येऊ लागली, आणि दुकानात माझी वेगळी फळी झाली. यंत्र आता बाल्कनीत आहे. ते हर्षदने भंगारात देऊ नये. द्यायचेच असल्यास वर्षश्राद्ध उरकल्यावर द्यावे.

कलम ४. माझे कोरलेले तीनशे बारा शिक्के, कोरण्या, घडी दाबायची हाडाची पट्टी व पुठ्ठा कापण्याच्या सुऱ्या गंधालीला. शिक्के काम झाल्यावर पाण्याने व जुन्या दात घासायच्या ब्रशने धुवावेत, रॉकेल लावू नये, उन्हात ठेवू नयेत. लक्ष्मीची पावले नेहमी घरात येणारी छापावीत. गंधाली नक्षी संगणकावर काढते आणि मशीन ती आपोआप उलटी करून कापते. त्यामुळे मनातल्या मनात चित्र उलटे करून बघण्याची सवय तिला लागलेली नाही. ही सवय किती महत्त्वाची आहे ते कलम ७ मध्ये येईल.

कलम ५. शाईचे सर्व पॅड मंगळवारी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बायकांनी वाटून घ्यावेत. सोनेरी एकच आहे. त्यावरून भांडण होणार हे मला माहीत आहे. मी नसेन.

कलम ६. बोरिवलीच्या श्रीमती मालन यांनी २०१४ सालच्या प्रदर्शनात माझ्याकडून प्रत्येक नक्षीचे एकेक कार्ड घेतले, फार कौतुक केले, आणि पुढच्या वर्षी त्याच सगळ्या नक्ष्या छापखान्यातून छापून शेजारच्या टेबलावर मांडल्या. माझ्या मोराचा डावा पाय कोरताना तुटला होता. त्यांच्या मोरालाही डावा पाय नव्हता. तो मूळ मोराचा शिक्का मी श्रीमती मालन यांना देत आहे. मनात राग नाही. पाय त्यांनी बसवून घ्यावा.

कलम ७. हे कलम लिहायला मला एकोणीस वर्षे लागली आहेत, तेव्हा ते लांबले तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

माझे धाकटे दीर बाळा व त्यांची पत्नी, म्हणजे माझी धाकटी जाऊ प्रेमा, मालाडला राहतात. प्रेमा माझ्याबरोबर आठ वर्षे काम करत होती. ती चित्र बटरपेपरवर उतरवून देई, मी रबरावर कोरत असे, आणि छापायचे काम पुन्हा तिचे. छापणे सोपे वाटते. शंभर डब्यांवर एकाच दाबाने, न फरकटता, न डागाळता शिक्का उठवणे मला जमत नाही, तिला जमे. माझे नाव झाले त्यातले अर्धे तिच्या मनगटाचे होते. हे मी तिला कधी सांगितले नाही.

मे २००६ मध्ये घाटकोपरच्या एका लग्नाचे चारशे लाडवांचे डबे आमच्याकडे आले. झाकणावर गणपती हवा होता. शिक्क्यावर चित्र उलटे कोरावे लागते, म्हणजे कागदावर ते सुलटे उठते. यासाठी बटरपेपर रबरावर पालथा ठेवतात. मी त्या दिवशी घाईत होते. कार्बन घेतला, कागद जसा होता तसाच उताणा ठेवला आणि गणपती कोरला. रबरावर तो डाव्या सोंडेचा दिसत होता. छापल्यावर उजव्या सोंडेचा झाला.

जाणणाऱ्यांना सांगायला नको, पण गंधालीसाठी लिहिते. उजव्या सोंडेचा गणपती कडक. त्याचे सोवळे कडक, त्याला कसेही कुठेही ठेवून चालत नाही. लाडू खाल्ल्यावर डबा कचऱ्यात जातो. चारशे घरांच्या कचऱ्यात उजव्या सोंडेचा गणपती जाणार, असा तो हिशेब होता.

चाळीस डबे छापून झाल्यावर प्रेमा म्हणाली, "वयनी, ह्यो उजव्या सोंडेचो झालो."

मी म्हटले, "तू छाप. गणपती मी कोरलाय, तू नाही."

तोवर चाळीस डब्यांचा पुठ्ठा वाया गेलेला होता, मागे फिरणे परवडणारे नव्हते, असे मी स्वतःला समजावले. तिने उरलेले छापले. एकही डागाळला नाही. टेंपो घाटकोपरला गेला आणि दुसऱ्या दिवशी भरलेलाच परत आला. नवऱ्या मुलाच्या आजीने पहिल्याच डब्याला ओळखले होते. मुलाचे काका दुकानात उभे राहून विचारू लागले की हे कोणी केले. दुकानात त्या वेळी माझे पती, दीर, प्रेमा व दोन गिऱ्हाइके होती.

मी म्हटले, "प्रेमाने चित्रच उलटं काढून दिलं."

बटरपेपर दोन्हीकडून सारखाच दिसतो. पुरावा काही नव्हता. प्रेमाने माझ्याकडे पाहिले, हातावरची शेंदरी शाई फडक्याला पुसली, फडके घडी घालून टेबलावर ठेवले आणि गेली. माझ्या पतींनी शिक्का हातात घेऊन पाहिला. धंदा त्यांचा होता, त्यांना सगळे एका नजरेत कळले. त्यांनी मला अडकवले नाही आणि सोडवलेही नाही. पुढचे दोन दिवस आम्ही दोघे प्रत्येक झाकणावर कलशाचा गोल कागद चिकटवत बसलो. लग्न नीट झाले. ते जोडपे सुखात आहे, त्यांना दोन मुले आहेत, गणपतीने त्यांचे काही वाकडे केले नाही.

वाकडे आमचे झाले. माझे सासरे काशीराम नेरूरकर गिरणीत लागले तेव्हा त्यांनी गावाहून, नेरूरहून, फणसाच्या लाकडाचा एक पाट आणला होता. घराण्याचा गणपती त्याच पाटावर बसायचा, आधी परळला आणि मग आमच्याकडे. त्या वर्षी बाळाभावजींनी मालाडला प्लायवूडचा पाट करून वेगळा गणपती आणला. कोकणातल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. इतरांनी असे समजावे की घर फुटले. एकोणीस वर्षे नेरूरकरांचे दोन गणपती येत आहेत आणि दोन्हीकडे आरतीला माणसे कमी पडतात.

प्रेमाने पुन्हा शिक्का हातात धरला नाही. मालाडला एका कारखान्यात खोक्यांवर लेबले चिकटवायचे काम घेतले, ते सतरा वर्षे केले. तो हात लेबले चिकटवण्यात गेला तो माझ्यामुळे गेला. मी खोटे का बोलले याचे कारण मोठे नाही. त्याच महिन्यात माझा वर्ग सुरू झाला होता, लोक मला बाई म्हणू लागले होते, आणि चूक कबूल करायची मला सवय नव्हती. अजून फारशी नाही.

यांनी शेवटच्या आजारात मला दोनदा सांगितले, "कुंदा, प्रेमाक सांग गो एकदा." मी सांगते म्हटले. त्याला आठ वर्षे झाली. हे गेले तेव्हा प्रेमा आली, बारा दिवस आमच्या घरी स्वयंपाक केला, तेराव्याची भांडी घासून पालथी घातली आणि मालाडला परत गेली. रोज सकाळ-संध्याकाळ धरल्या तर मला चोवीस संधी होत्या. मी तिला मीठ कुठे आहे ते सांगितले.

तरी या कलमान्वये मी जाहीर करते की मे २००६ मधील चूक माझी, एकटीची होती. प्रेमा बाळा नेरूरकर हिने चित्र बरोबर काढले होते. सासऱ्यांचा फणसाचा पाट, व त्याबरोबर घराण्याचा गणपती बसवण्याचा मान, प्रेमाला मिळावा. तो चुकीचा शिक्काही पुरावा म्हणून तिलाच मिळावा. तो देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात लाल खणात गुंडाळून ठेवला आहे. कचऱ्यात टाकता येत नव्हता. विसर्जन करावे तर रबर विरघळत नाही. एकदा तलावात सोडला होता, तो लाकडी मुठीमुळे तरंगत काठाला परत आला. बाजूच्या माणसाने वाकून माझ्या हातात दिला.

कलम ८. उत्तरकार्य. तेराव्याची साठ निमंत्रणे मी करून ठेवली आहेत, टेबलाच्या दुसऱ्या खणात आहेत. पांढऱ्या हातकागदावर राखाडी शाईत तुळशीवृंदावन आहे. तारखेची जागा मोकळी सोडली आहे, ती बॉलपेनने भरू नये. अस्थींसाठी डबा केलेला नाही. पुठ्ठा भिजतो.

कलम ९. मृत्युपत्राची अंमलबजावणी हर्षदने करावी. त्याला न समजलेल्या गोष्टी अपूर्वाला विचाराव्यात, मला विचारण्याची सवय सोडावी.

येथे हे मृत्युपत्र संपणार होते. २९ जून रोजी मी ही पाने अपूर्वाकडे दिली. तिने ती खाली न नेता माझ्यासमोरच वाचली. कलम ७ दोनदा वाचले. पाने टेबलावर ठेवून म्हणाली, "काकू, मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. प्रेमाकाकू तुमच्या आधी गेल्या तर हे वाचून कोणाला दाखवायचं?"

मी तिला सांगितले की प्रेमा माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे. अपूर्वा म्हणाली की तिच्याकडच्या फायलींमध्ये असा काही क्रम दिसत नाही. चहा न घेता गेली.

मला तिचा राग आला. तिने माझी युक्ती ओळखली होती. मी गेल्यावर प्रेमाला कळावे, म्हणजे तिचा चेहरा मला बघावा लागणार नाही, असा माझा बेत होता. त्र्याहत्तर वर्षांच्या बाईने मेल्यावर खरे बोलायचे ठरवावे याची मला लाज वाटली. मी आठवडाभर हात चालू ठेवून पाहिला, वाणाचे बारा डबे केले, त्यातले पाच वाकडे झाले. मग प्रेमाला कार्ड करायला बसले. कोयरी छापली, जास्वंद छापली, पावले छापली, प्रत्येक वेळी ते कार्ड काहीतरी विकायला निघाल्यासारखे दिसे. शेवटी कोऱ्या कागदावर, 'रविवारी ये. तुझ्याशी बोलायचे आहे,' एवढे लिहिले आणि हर्षदच्या हाती पाठवले.

कलम १०. आज १३ जुलै रोजी सकाळी साडेदहाला प्रेमा रिक्षाने एकटी आली. साक्षीला बोलावलेले डॉ. आरोलकर आधीच येऊन बसले होते आणि अपूर्वाही होती. मी दोघांना स्वयंपाकघरात बसवले. मी प्रेमाला तोंडी सांगितले की प्रेमा, मी तेव्हा खोटे बोलले, चूक माझी होती, माझे चुकले. हे चार शब्द म्हणायला वाटले होते तेवढा वेळ लागला नाही. मी तिच्यापुढे कलम ७ ठेवले. तिने पिशवीतून चष्मा काढला आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. एका ओळीपाशी बोट थांबले.

"चाळीस नाय, वयनी," ती म्हणाली. "मी तुमका पयल्याच डब्याक सांगितलंय. आधी ह्या बदला."

मी आठवून पाहिले. पहिलाच डबा होता. तिने तो झाकणासकट उचलून माझ्यासमोर धरला होता आणि शाई ओली होती. तिथे थांबले असते तर एक डबा वाया गेला असता. चाळीस हा आकडा माझा मीच कधी ठरवला ते आठवत नाही, पण एकोणीस वर्षे मी तोच धरून बसले होते, आणि आज कबुली देतानाही मी स्वतःला एकोणचाळीस डब्यांची सूट देऊन टाकली होती. दुरुस्ती खाली केली आहे.

यानंतर सह्या घेण्याआधी अपूर्वाने बाहेर येऊन समजावले की ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, पुढे कोणी अडचण काढतो. प्रेमाने विचारले की साक्षीदार आणखी कोण आहे. मी म्हटले, एक डॉक्टर आहेत, दुसरा अजून ठरायचा आहे. प्रेमाने चष्मा पुसला.

"पाट कागदार कशाक व्हयो?" ती म्हणाली. "मी आताच न्हेतंय."

तिने पाट स्वतः पलंगाखालून ओढून काढला, पदराने पुसला, उलटा करून मागे कोरलेले सासऱ्यांचे नाव पाहिले आणि दाराशी नेऊन उभा केला. सबब कलम ७ मधील पाट आता माझ्या मालकीचा राहिलेला नसून तो मृत्युपत्रातून कमी करण्यात येत आहे. येत्या २७ ऑगस्टला नेरूरकरांचा गणपती मालाडला बसेल. हर्षदने सहकुटुंब दोन्ही वेळच्या आरतीला जावे. मी जाणार आहे.

चुकीचा शिक्का घ्यायला प्रेमाने नकार दिला. तो गंधालीला मिळावा. नवीन शिकणाऱ्या प्रत्येकीला पहिल्या दिवशी तो दाखवावा आणि चूक कोणी केली ते माझे नाव घेऊन सांगावे.

प्रेमाने मला माफ केले की नाही हे ती बोलली नाही. मी विचारलेले नाही. तो तिचा प्रश्न आहे आणि त्याला माझ्या वेळापत्रकाचे बंधन नाही. तिने पेन घेतले, टोपण काढले आणि विचारले, "सही खंय करूची?"

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून व कलम ७ मध्ये सुधारून, खालील दोन साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करून पुरे केले आहे. त्या दोघांनीही माझ्यासमोर सह्या केल्या आहेत.

ठिकाण : दिंडोशी, गोरेगाव (पूर्व), मुंबई
दिनांक : १३ जुलै २०२५, रविवार

मृत्युपत्र करणार :
(सही) कुंदा श्यामसुंदर नेरूरकर

साक्षीदार :
१. (सही) डॉ. सुहास आरोलकर, दिंडोशी. शिक्का जांभळ्या शाईत.
२. (सही) प्रेमा बाळा नेरूरकर, मालाड (पूर्व).

दुरुस्ती : कलम ७ मध्ये 'चाळीस डबे छापून झाल्यावर' हे शब्द खोडले असून त्याऐवजी 'पहिलाच डबा छापल्यावर' असे वाचावे. त्याच कलमातील 'तोवर चाळीस डब्यांचा पुठ्ठा वाया गेलेला होता' येथून 'असे मी स्वतःला समजावले' येथपर्यंतचे वाक्य पूर्ण रद्द. दुरुस्ती मान्य.

कुं. श्या. ने.
प्रे. बा. ने.